शिधा द्या, स्वयंपाक नको

जबलपूरची पोस्टिंग निघाली तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद आईला झाला. बायकोने शाळेची चौकशी केली, मुलीने इंटरनेटची, आणि आईने विचारलं, "तुझ्या क्वार्टरपासून ग्वारीघाट किती लांब रे?" नर्मदा परिक्रमेची पुस्तकं वाचून वाचून तिला सगळे घाट तोंडपाठ झाले आहेत. पाय मात्र साथ देत नाहीत.

तिच्या वतीने पहिल्याच रविवारी घाटावर गेलो. पायऱ्यांच्या वर, झाडाखाली, सांगलीकडचे दोन परिक्रमावासी तीन दगडांच्या चुलीवर खिचडी शिजवत होते. तांदूळ, डाळ, मीठ, थोडं तेल असा शिधा त्यांना तिथल्याच एका दुकानदाराने दिला होता. "‘कितनी मूर्ति?’ एवढंच विचारलं त्यांनी," त्यातले एक काका म्हणाले. "दोन म्हटलं. दोघांपुरता शिधा मोजून दिला आणि गेले आपल्या दुकानावर. शिजवायचं आपलं आपण."

परिक्रमेत याला सदावर्त म्हणतात. देणारा आधी किती जण आहेत ते विचारतो, तेवढंच देतो, आणि पुढची वाट कुठली धरायची हे शिकवत बसत नाही. वीस वर्षांहून जास्त नोकरीत मी मदत देणारे पुष्कळ पाहिले, स्वतःही दिली. इतक्या शहाणपणाने दिलेली मदत फार थोडी पाहिली.

आधी माझीच चूक सांगतो.

मेजर असताना मी काश्मीर खोऱ्यात कंपनी कमांडर होतो. सैन्य तिथे १९९८ पासून ‘ऑपरेशन सद्भावना’ चालवतं. शाळा, आरोग्य शिबिरं, पाणी, शिवणवर्ग अशी बरीच कामं त्यात होतात. माझ्या भागातल्या एका गावात एक मास्तर आणि दोन-तीन तरुण रोज संध्याकाळी एका खोलीत मुलांना शिकवत. जमिनीवर चटई आणि भिंतीला फळा, बस. मला वाटलं, काम चांगलं आहे, याला बळ द्यावं. दिलं. भिंतींना रंग, टेबलं, खुर्च्या, चार संगणक, दारावर मोठी पाटी. उद्घाटनाला सीओसाहेब आले, फोटो निघाले. त्या फोटोत मास्तर अगदी कडेला आहेत, अर्धेच दिसतात.

दीड वर्षाने पोस्टिंगवर निघण्याआधी निरोप घ्यायला गेलो, तर खोलीला कुलूप. मास्तरांनी चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं, "जनाब, पहले चटाई फटती थी तो हम चंदा करते थे. अब कंप्यूटर बिगड़ता है तो लोग कहते हैं, फ़ौज का है, फ़ौज ठीक कराएगी."

दोष योजनेचा नव्हता. त्याच योजनेतल्या आर्मी गुडविल स्कूल चांगल्या चालतात. दोष माझा. चालत असलेली एक गोष्ट मी त्यांच्या हातातून काढून माझ्या नावावर केली होती, तीसुद्धा कौतुकाने.

आता जबलपूरकडे येतो. इथले लोक अभिमानाने सांगतात की या शहराला ‘संस्कारधानी’ हे नाव विनोबांनी दिलं. मूळचा हा गोंड राजांचा मुलूख. पुढे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला आणि १८१७ साली इंग्रजांचा. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे इथे तीन-चार पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. रेल्वेबरोबर बंगाली आणि अँग्लो-इंडियन आले. १९०४ साली गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, नंतर खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, मग व्हेईकल फॅक्टरी, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून कामगार आले. ग्रेनेडियर्स, जम्मू-काश्मीर रायफल्स आणि सिग्नल्स यांची प्रशिक्षण केंद्रं इथलीच. इथे भरती झालेला, इथे शिकवायला आलेला फौजी निवृत्तीनंतर पुष्कळदा इथेच घर बांधतो.

अशा गावात एका मोहल्ल्यातली अभ्यासिका मला आमच्या ऑफिसातल्या एका क्लार्कमुळे कळली. त्याचा मुलगा तिथे जातो. भाड्याची एक खोली, वीस-बावीस मुलं. सगळा कारभार फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक फिटर पाहतात. किल्ली शेजारच्या शिंपीचाचांकडे असते, कारण त्यांचं दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं. विजेचं बिल स्पेअर पार्ट्सवाले सरदारजी भरतात. इंग्रजी एक बंगाली दीदी शिकवते, गणित एक मराठी काकू. काकूंची तिसरी पिढी जबलपुरात. "मैं तो यहीं की हूँ, पण वरण-भात सोडला नाही हो," असं त्या एकाच दमात दोन भाषांत सांगतात. तिथे राष्ट्रीय एकात्मतेवर भाषण होत नाही. दोनपैकी एकच पंखा चालतो आणि त्याखाली कोणी बसायचं, यावर रोज भांडण होतं.

अशा खोल्यांची किंमत काय, हे जबलपूरला वेगळं सांगावं लागत नाही. फेब्रुवारी १९६१ मध्ये या शहरात मोठी दंगल झाली. तिचा धक्का दिल्लीपर्यंत पोहोचला आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर पंडित नेहरूंनी राष्ट्रीय एकात्मता परिषद बोलावली. परिषदा भराव्यात, माझी हरकत नाही. पण अफवा गल्लीत शिरते रात्री अकरा वाजता. तेव्हा उपयोगी पडतो तो एकच प्रश्न: पलीकडच्या गल्लीतल्या कोणाचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे, आणि तुम्ही फोन केलात तर तो उचलेल का?

प्राध्यापक आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या शहरांच्या जोड्या लावून हेच तपासलं. एक दंगलीचं शहर, एक शांत. त्यांचं पुस्तक २००२ साली आलं. सणाला शेवया आणि फराळाची देवाणघेवाण चांगलीच, पण मोठ्या शहरात तेवढी पुरत नाही, असं ते मांडतात. जिथे वेगवेगळ्या धर्मांचे लोक एकाच संघटनेत, क्लबात, युनियनमध्ये, व्यापारी मंडळात काम करतात, तिथे शांतता जास्त टिकते. आपल्याकडचं उदाहरण भिवंडीचं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेलं हे गाव. सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं नियमित एकत्र बसू लागली, नळापासून नाल्यापर्यंतच्या तक्रारी घेऊन. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली.

संकट निसर्गाचं असलं तरी हिशोब तोच. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंप झाला, सुमारे चाळीस माणसं गेली. आपत्तीत सैन्य धावून जातं हे खरं आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण आमची गाडी पोहोचेपर्यंतचे पहिले तास शेजाऱ्यांचे असतात, हे मदतकार्याला गेलेला प्रत्येक फौजी कबूल करेल.

आणि अशा खोल्या मरतात कशाने? दंगलीने क्वचितच. मरतात अगदी कंटाळवाण्या कारणांनी. आमच्या अभ्यासिकेचंच घ्या. फिटरसाहेबांचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे, ते आता त्याच्याकडे निघाले आहेत. सगळा हिशोब त्यांच्या एका डायरीत, अर्धा त्यांच्या डोक्यात. संस्था मध्य प्रदेशच्या १९७३ च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली आहे, म्हणजे दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि हिशोब द्यायला हवा. दोन वर्षं कोणीच दिला नाही. घरमालकाला खोली मार्चमध्ये परत हवी आहे. फौजेत कमांडरला टूआयसी असतो, इथे तो कधी नेमलाच गेला नाही.

कोणी म्हणेल, सीएसआरचे पैसे कशासाठी आहेत? कायदा खरंच चांगला आहे. मोठ्या कंपन्यांनी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचे. पण बाहेरच्या संस्थेला ते पैसे घ्यायचे असतील, तर आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, आणि २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्जही. गैरव्यवहार रोखायला हे हवंच. मात्र ज्या खोलीला महिन्याला भाडं, वीज आणि खडू एवढंच लागतं, तिला ही कागदपत्रं जमवताना धाप लागते. मोठा पैसा मोठ्या संस्थेकडे जातो. लहान खोलीला पैशाआधी कागद नीट लावून देणारा माणूस हवा असतो.

दुसरा आक्षेप मी स्वतःच बरेच दिवस घेत असे: मराठी मंडळ, बंगाली क्लब, अमुक समाज, तमुक समाज, हे सगळे आपापल्या कुंपणात. यांना कशाला मदत करायची? आता माझं मत बदललं आहे. परगावी आलेल्या माणसाला आधी आपली भाषा बोलणारं एक अंगण लागतं. ते मिळालं की तो बाहेर डोकावतो. काकूंना वर्गणी गोळा करणं, वर्ग चालवणं, रुसलेल्यांची समजूत काढणं हे सगळं गणेशोत्सवाच्या मंडपातच शिकायला मिळालं. माझी अट एकच. आपल्या मंडळाचा हॉल वर्षातले किती दिवस बंद असतो ते मोजा, आणि त्या दिवसांत तो दुसऱ्यांच्या मुलांना उघडा करा. कुलूपबंद हॉल आणि जागा शोधणारी अभ्यासिका एकाच रस्त्यावर असू नयेत.

मग मी का नाही त्या अभ्यासिकेचा सचिव होत? कारण मला परवानगी नाही. १९५४ च्या आर्मी रूल्समधला नियम १९ सांगतो की सेवेतल्या सैनिकाने केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय बाहेरच्या संस्थेत सक्रिय भाग घ्यायचा नाही. करमणुकीच्या किंवा धार्मिक संस्थेसाठीही वरिष्ठांची परवानगी लागते. नियम योग्यच आहे. सैन्य सगळ्यांचं राहायला हवं, त्यामुळे सैनिकाचं नाव कुठल्याच कार्यकारिणीत नसलेलं बरं.

पण हा नियम निवृत्तीच्या दिवशी संपतो. म्हणून हा लेख खरं तर माझ्या निवृत्त वाचकांसाठी आहे. सर, साहेब, तुम्ही मोकळे आहात. एनडीएच्या बोधवाक्यात ‘सेवा परमो धर्मः’ आपण तीन वर्षं रोज वाचलं. ते वाचलं नसलेल्या आपल्या जेसीओ साहेबांनी ते जास्त पाळलं, हेही आपण जाणतो. हजेरी, स्टॉक रजिस्टर, महिन्याचा हिशोब आणि पुढच्याला नीट चार्ज देणं या चार गोष्टी आपल्या हाडात भिनल्या आहेत. लहान संस्थांना नेमक्या याच चार कमी पडतात.

एक धोकाही सांगतो. आपल्याला हुकूम द्यायची सवय असते. निवृत्त अधिकारी संस्थेत शिरला की तिसऱ्या महिन्यात अध्यक्ष होतो, सहाव्या महिन्यात शिस्त आणतो, आणि वर्षाने शिस्त उरते, माणसं जातात. मी मेजर असताना जे केलं तेच, फक्त युनिफॉर्मशिवाय.

यावर उतारा मला सिग्नल्समधून निवृत्त झालेल्या एका सुभेदार साहेबांनी दाखवला. मूळ साताऱ्याकडचे, आता जबलपूरचेच झालेले. त्यांना मी अभ्यासिकेबद्दल फक्त बोललो होतो. ते महिनाभर रोज संध्याकाळी तिथे जाऊन मागच्या चटईवर बसले. कोणी विचारलंच तर म्हणत, "बस, देखने आया हूँ." महिन्यानंतर त्यांनी फिटरसाहेबांना विचारलं, "तुम्ही गेल्यावर सगळ्यात आधी काय अडेल?" उत्तर आलं, कागद. मग त्यांनी डायरी समोर ठेवून, प्रश्न विचारत विचारत, दोन वर्षांचा हिशोब वहीत उतरवला. नंतर चार्ज देण्या-घेण्याची यादी केली: चटया ६, फळा १, पंखे २ (पैकी १ नादुरुस्त), किल्ल्या ३. खाली सही फिटरसाहेबांची आणि दीदीची. त्यांची स्वतःची सही कुठेच नाही.

लोकांनी त्यांना अध्यक्ष व्हायला सांगितलं. ते म्हणाले, "अध्यक्ष चाचाच राहू देत. मी स्टोअरकीपर."

नादुरुस्त पंखा त्यांनी विकत आणून दिला नाही. मुलांनी वर्गणी काढली, फिटरसाहेबांनी जाता जाता तो दुरुस्त करायला दोन मुलांना शिकवलं. भांडण अर्ध्यावर आलं आहे. घरमालकाचं अजून ठरत नाही. चाचा आणि सरदारजी त्याच्याशी बोलत आहेत, काकू मंडळाच्या हॉलसाठी शब्द टाकणार आहेत. मार्चमध्ये काय होईल ते मला आज सांगता येत नाही.

तुमच्याही गावात अशी एखादी खोली असेल. वाचनालय, रक्तदात्यांची यादी ठेवणारी चार पोरं, घाट झाडणारा गट. या महिन्यात एकदा तिथे जा. पुष्पगुच्छ आणि बॅनर घरी ठेवा. मागे बसा, काय अडतंय ते विचारा, आणि तेवढंच द्या.

मी पुढच्या वर्षी इथून पोस्टिंगवर जाईन. अभ्यासिका तगली, तर तिच्या कुठल्याही कागदावर माझं नाव नसेल. या वेळी तेवढं मला जमलं आहे.