साठीनंतर पियानो, आणि तोही जॅझ!

"या वयात पियानो? नातवंडांना शिकवा!" असा सल्ला आम्हांला आपल्याच मंडळींकडून मिळतो. वर पुस्ती, "जॅझ आपले नव्हे." कसे नव्हे? १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफर्ड हा अमेरिकन कृष्णवर्णीय वादक पियानोवर जॅझच वाजवीत होता!

शिक्षकांचेही चुकते. प्रौढांना ते महिनोन्‌महिने नुसती सरगम घोटायला लावतात. माणूस कंटाळून सोडतो, आणि दोष वयाला! अहो, कीर्तनातल्या पेटीने आमचा कान केव्हाच तयार केला आहे. अडाणी राहिला तो डावा हात. जन्मभर भाताच हलवीत बसला. तेव्हा आरंभ त्याच्यापासून करावा. 'रे-म-सा', मग 'प-म-नी', मग 'सा-ग-नी', तीन-तीन सूर एकदम दाबावेत. पहिल्या बदलात 'सा' उतरून 'नी' होतो, दुसऱ्यात 'म' चा 'ग'. उडी घेतो तो फक्त खालचा सूर. जॅझची असंख्य गाणी याच वळणाने जातात. उजव्या हाताने ओळखीची चाल धरावी, वाकवावी, खुशाल चुकावे.

बोटे आखडतात, कबूल. पण रात्रपाळ्या लावताना आमचे वय कोणी विचारले नव्हते. नातवंडांच्या क्लासबाहेर बाकावर पुष्कळ बसलो; आता आम्ही आत बसणार.