अँग्विला : सहा हजार माणसांचा स्वयंनिर्णय

परकीय सत्तेविरुद्ध उठलेल्या लोकांच्या कथा आपल्या कार्यकर्त्यांना नव्या नाहीत. परंतु वसाहतवादातून बाहेर पडू लागलेल्या राज्यातून फुटून निघणारे, 'आमचा कारभार पुन्हा थेट ब्रिटनने पाहावा' असा आग्रह धरणारे आणि अखेर त्याच ब्रिटनचे सैन्य अंगावर ओढवून घेणारे लोक भेटले म्हणजे समाजवादी माणूस प्रथम गोंधळतो आणि मग बहुधा हसून विषय सोडून देतो. १९६९ साली अँग्विला या कॅरिबियन बेटाच्या बाबतीत जगातल्या पुष्कळ वृत्तपत्रांनी नेमके हेच केले. त्या घटनेला आता अर्धशतक उलटून गेले आहे. हसू ओसरल्यावर जो प्रश्न शिल्लक राहतो तो मात्र ओसरलेला नाही, आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी उजव्यांपेक्षा आपल्यावर अधिक आहे. कारण या कथेत ज्यांच्या हातून अन्याय घडला त्यांत एक कामगार पुढारी होता आणि एक मजूर पक्षाचे सरकार होते.

अँग्विला म्हणजे वाम मासा. बेटाचा आकार तसाच लांबट आणि अरुंद असल्यामुळे युरोपियन खलाशांनी हे नाव दिले असे मानतात. लांबी सुमारे २६ किलोमीटर, रुंदी जेमतेम पाच, क्षेत्रफळ ९१ चौरस किलोमीटर. सर्वांत उंच जागा पासष्ट मीटरच्या आसपास, म्हणजे टेकाडच म्हणायचे. जमीन चुनखडीची, मातीचा थर पातळ, नदी एकही नाही आणि पाऊस लहरी. दक्षिणेला चिंचोळ्या समुद्रापलीकडे सेंट मार्टिन हे फ्रेंच आणि डच यांनी वाटून घेतलेले बेट दिसते. पण ज्या सेंट किट्सशी अँग्विलाचे नशीब बांधण्यात आले ते शंभर किलोमीटरहून अधिक दूर, आणि मधली बेटे दुसऱ्यांच्या मालकीची.

या कोरडेपणातच बेटाच्या इतिहासाची किल्ली आहे. १६५० मध्ये इंग्रज वसाहतवाले येथे आले, त्यांनी गुलाम आणले, ऊस लावून पाहिला. पण पाण्यावाचून मळे नीट उभेच राहिले नाहीत. १८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने रद्द झाली, तेव्हा येथील मळेवाल्यांना बेटावर राहण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. ते निघून गेले आणि मुक्त झालेल्या काळ्या माणसांच्या हाती जमिनीचे लहान लहान तुकडे आले. त्यांवर त्यांनी मका, रताळी आणि आपल्याकडे पिकते तीच तूर पिकवली, शेळ्या पाळल्या, मासेमारी केली, मिठागरांतून मीठ काढले, शिडाची गलबते बांधली. तेवढ्याने भागत नसे म्हणून पुरुष हंगामी ऊसतोडीसाठी डोमिनिकन प्रजासत्ताकात जात, पुढे अरूबा आणि कुरासाव येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांत जात. तिकडून येणाऱ्या पैशावर घरे चालत. दारिद्र्य होते, पण मालक डोक्यावर बसलेला नव्हता.

सेंट किट्समध्ये चित्र उलटे होते. तेथे सुपीक जमीन, उसाचे अफाट मळे, एक मध्यवर्ती साखर कारखाना आणि मजुरीवर जगणारे हजारो लोक. या मजुरांतूनच रॉबर्ट ब्रॅडशॉ यांचे नेतृत्व उभे राहिले. १९१६ साली जन्मलेला हा माणूस तरुणपणी साखर कारखान्याच्या यंत्रशाळेत कामाला होता, संपात भाग घेतल्यामुळे नोकरीला मुकला, कामगार संघटनेचा प्रमुख झाला आणि १९४८ मध्ये त्याने ऊसमजुरांचा तेरा आठवड्यांचा संप लढवला. मळेवाल्यांच्या बेटावर काळ्या मजुराला मान ताठ करून चालता येऊ लागले, याचे मोठे श्रेय ब्रॅडशॉ आणि त्यांचा मजूर पक्ष यांना द्यावे लागेल. १९७५ मध्ये उसाच्या जमिनी सरकारच्या ताब्यात घेण्याचे धाडसही त्यांच्याच सरकारने केले. म्हणून त्यांना खलनायक ठरवून मोकळे होता येत नाही. एका बेटावरच्या दलितांचा कैवारी शेजारच्या बेटाला जुलमी का वाटला, हे समजून घेणे अधिक कठीण आहे आणि अधिक आवश्यकही.

दोन्ही बेटे एका दावणीला बांधण्याचे काम लंडनने केले. १८२५ मध्ये अँग्विलाला सेंट किट्सच्या विधिमंडळाशी जोडण्यात आले आणि १८८२ मध्ये नेव्हिससह तिघांची एक प्रशासकीय मोट बांधली गेली. त्याआधीच, १८७० च्या दशकात, अँग्विलाच्या लोकांनी हे जोडकाम सोडवा असा अर्ज लंडनला केला होता. वसाहतखात्याने तो बाजूला ठेवला. एक अधिकारी, एक तिजोरी, एक दफ्तर हे साम्राज्याला स्वस्त पडत होते. पुढे २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सेंट किट्स–नेव्हिस–अँग्विला हे ब्रिटनशी 'संलग्न राज्य' बनले. परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण लंडनकडे राहिले, बाकी सर्व कारभार राजधानी बास्तेरच्या हाती गेला. विधिमंडळातील दहा निर्वाचित जागांपैकी अँग्विलाला एक मिळाली. स्थानिक मंडळाचे आश्वासन कागदावर होते, मंडळ मात्र अस्तित्वात नव्हते.

त्या वेळी अँग्विलात सार्वजनिक वीजपुरवठा नव्हता, नळाचे पाणी नव्हते. १९६० च्या वादळाने मोडलेली दूरध्वनीची व्यवस्था दुरुस्त झालेली नव्हती. लोकसंख्या सुमारे सहा हजार. या सहा हजारांना राज्यरचनेतील बदलाचा अर्थ सरळ दिसत होता. आजवर दूरच्या लंडनकडे निदान तक्रार तरी करता येत होती. आता शेवटचा शब्द बास्तेरचा राहणार होता आणि बास्तेरला अँग्विलाच्या मतांची गरज नव्हती. येथे कामगार संघटना नव्हती, कारण मजुरीवर जगणारा वर्गच मोठा नव्हता. ज्या बेटाने पक्षाला मते दिली नाहीत ते मागासलेले, कृतघ्न आणि विरोधकांच्या नादी लागलेले, असे सत्तारूढ पक्षाने ठरवून टाकले. बहुमताच्या बळावर राज्य करणाऱ्या कोणत्याही पक्षाला हा मोह अपरिचित नाही.

३० मे १९६७ रोजी अँग्विलाच्या लोकांनी सेंट किट्सचे पोलीस बेटावरून परत पाठवले. कोणी मारले गेले नाही. ११ जुलैला सार्वमत घेण्यात आले : फुटून निघण्याच्या बाजूने १,८१३ मते, विरुद्ध ५. रोनाल्ड वेबस्टर हे चळवळीचे प्रमुख पुढारी झाले. हे बंड निष्कलंक होते असा दावा करण्याचे कारण नाही. जूनमध्ये अँग्विलाच्या काही सशस्त्र माणसांनी सेंट किट्सवर छापा घालण्याचा अविचारी प्रयत्न केला आणि तो फसला. पण लोकमत कोणत्या बाजूला होते याबद्दल शंकेला जागा उरली नव्हती. त्याच वर्षी जेरेमाया गम्ब्स यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या वसाहतविषयक समितीपुढे बेटाची बाजू मांडली. लहान राज्यांचा पुरस्कार करणारे अर्थशास्त्रज्ञ लिओपोल्ड कोर यांनी त्यांना सल्ला दिला. जगाने मात्र एकच प्रश्न विचारला : इतक्या लहान बेटाला स्वतःचे राज्य चालवणे परवडेल काय?

दीड वर्ष वाटाघाटी झाल्या. ब्रिटनने एक अधिकारी मध्यस्थ म्हणून बेटावर वर्षभर ठेवला, मुदत संपताच परत बोलावला. ६ फेब्रुवारी १९६९ रोजी दुसरे सार्वमत झाले : प्रजासत्ताकाच्या बाजूने १,७३९, विरुद्ध ४. मार्चमध्ये ब्रिटिश उपमंत्री विल्यम व्हिटलॉक बेटावर आले आणि लोकांच्या पुढाऱ्यांशी नीट बोलणी होण्याआधीच त्यांना बंदुकीच्या धाकाने परतावे लागले. त्यानंतर सुमारे आठवडाभराने, १९ मार्चच्या पहाटे, दोन युद्धनौकांवरून तीनशेहून अधिक छत्रीधारी सैनिक किनाऱ्यावर उतरले. पाठोपाठ लंडनचे पोलीस आले. बेट गुंडांच्या टोळीच्या ताब्यात गेल्याच्या वावड्या लंडनमध्ये उठल्या होत्या. सैनिकांना काळोखात झगमगाट दिसला. तो गोळीबाराचा नव्हता, छायाचित्रे घेणाऱ्या पत्रकारांच्या कॅमेऱ्यांचा होता. एकही गोळी झाडावी लागली नाही. जग पोट धरून हसले.

त्या वेळी लंडनमध्ये हॅरॉल्ड विल्सन यांचे मजूर सरकार होते. याच सरकारपुढे १९६५ मध्ये ऱ्होडेशियाचा प्रश्न आला होता. इयन स्मिथ यांच्या मूठभर गोऱ्यांच्या राजवटीने लक्षावधी काळ्या लोकांचे हक्क पायदळी तुडवून एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले, तेव्हा बळाचा वापर करणार नाही असे विल्सन यांनी सांगितले होते. चार वर्षांनी दोन सार्वमतांनी आपली इच्छा सांगणाऱ्या सहा हजार काळ्या माणसांविरुद्ध मात्र सैन्य धाडायला त्यांना अडचण वाटली नाही. ही तुलना त्या काळी ब्रिटनमध्येच झाली आणि तिला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. पक्षाच्या नावात मजूर शब्द आल्याने साम्राज्याची सवय सुटत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

पुढचा प्रवास सावकाश झाला. १९७० मध्ये वुडिंग आयोगाने अँग्विलाने राज्यातच राहावे असा अहवाल दिला. लोकांनी तो नाकारला. १९७१ च्या कायद्याने ब्रिटनने बेटाचा कारभार प्रत्यक्ष आपल्या हाती घेतला. दरम्यान सैन्याच्या अभियंत्यांनी रस्ते बांधले, वीज आणली. शंभर वर्षांच्या अर्जांनी जे झाले नाही ते एका बंडाने झाले. १९७६ मध्ये वेगळी राज्यघटना आली आणि वेबस्टर पहिले मुख्यमंत्री झाले. १९ डिसेंबर १९८० रोजी सेंट किट्सशी असलेला संबंध कायद्यानेही संपला. खुद्द नेव्हिसने १९९८ मध्ये सेंट किट्सपासून वेगळे होण्यासाठी सार्वमत घेतले, त्यात सुमारे ६२ टक्के मते बाजूने पडली आणि दोन-तृतीयांशांची अट पूर्ण न झाल्यामुळेच ते राज्यात राहिले. एकत्र बांधलेल्या तीन बेटांपैकी दोन बेटांचा अनुभव एकच असेल, तर दोष त्या बेटांच्या स्वभावात शोधून चालणार नाही.

मग अँग्विला स्वतंत्र झाले काय? येथे भाबडेपणा टाळला पाहिजे. आज बेटाची लोकसंख्या पंधरा-सोळा हजार आहे. विधिमंडळात लोक अकरा सभासद निवडतात : सात मतदारसंघांतून, चार संपूर्ण बेटातून. २०२५ च्या निवडणुकीनंतर कोरा रिचर्डसन-हॉज या पंतप्रधानपदी आलेल्या पहिल्या महिला ठरल्या. परंतु गव्हर्नर ब्रिटिश राजसत्तेच्या नावाने लंडनहून येतो, आणि संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, अंतर्गत सुरक्षा व नोकरशाही हे विषय त्याच्या कक्षेत राहतात. २०११ चा अर्थसंकल्प लंडनच्या मान्यतेवाचून काही महिने अडला होता. टर्क्स आणि केकॉस बेटांवर २००९ मध्ये भ्रष्टाचाराच्या चौकशीनंतर लंडनने निवडलेले सरकारच बाजूला सारले आणि २०१२ पर्यंत थेट राज्य केले. भ्रष्टाचार खरा असेल. पण लोकांनी दिलेली सत्ता एका हुकमाने काढून घेण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो तोच खरा सत्ताधारी असतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत अँग्विला अजून आहे, आणि त्या यादीवर देखरेख करणाऱ्या समितीत भारतही आहे.

अर्थव्यवस्थेचेही तसेच. मिठागरे बंद पडली. श्रीमंत पर्यटकांची हॉटेले हा मुख्य आधार बनला. २०१७ च्या इर्मा वादळाने तो किती ठिसूळ आहे हे दाखवले. व्यक्तिगत उत्पन्नावर कर नाही, आणि तिजोरी भरण्यासाठी २०२२ मध्ये वस्तू व सेवा कर आणण्यात आला, ज्याचा भार बाजारात जाणाऱ्या गरिबावरच अधिक पडतो. अशा स्थितीत दैवाने एक विचित्र देणगी दिली. संगणकांच्या जाळ्यावरील पत्त्यांसाठी प्रत्येक प्रदेशाला दोन अक्षरे वाटून देण्यात आली, त्यांत अँग्विलाच्या वाट्याला 'एआय' ही अक्षरे आली. कृत्रिम बुद्धिमत्तेचा धंदा करणाऱ्या कंपन्या आता त्या अक्षरांसाठी पैसे मोजतात. २०२३ मध्ये यातून सुमारे ३ कोटी २० लाख अमेरिकन डॉलर मिळाले, म्हणजे सरकारी महसुलाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. जे बेट स्वतःचे राज्य चालवू शकणार नाही असे तज्ज्ञ सांगत होते त्याच्या वाट्याला हे यावे, याची गंमत वाटते. पण हे उत्पन्नही दूरच्या भांडवलदारांच्या हौसेवर अवलंबून आहे, हे बेटाचे लोक आपल्यापेक्षा चांगले जाणत असतील.

तेव्हा अँग्विलाच्या लोकांनी साम्राज्यावर प्रेम केले म्हणून ते ब्रिटनकडे वळले, असे समजणे चूक होईल. जवळचा धनी आणि दूरचा धनी यांतून त्यांनी दूरचा निवडला, कारण धनी नसण्याचा पर्याय त्यांच्यापुढे कोणी ठेवलाच नाही. तो पर्याय ब्रॅडशॉ देऊ शकले असते. अधिकार असलेले स्थानिक मंडळ, महसुलाचा न्याय्य वाटा आणि रस्ते, वीज, पाणी यांची निश्चित तरतूद एवढे १९६६ मध्ये झाले असते, तर एका शोषित समाजाने दुसऱ्या शोषित समाजाशी बरोबरीच्या नात्याने जोडून घेण्याचा दाखला घालून दिला असता. त्याऐवजी, गोऱ्या गव्हर्नराने सोडलेल्या खुर्चीत आपला माणूस बसला की तिच्याखाली चिरडणारे सुखी होतात, अशी समजूत त्या चळवळीने करून घेतली.

साथींनी या कथेतून घ्यायचे ते एवढेच. राज्याची एकता, विकासाची गरज, पुरोगामी सरकारची अडचण ही सर्व कारणे खरी असली तरी ती संमतीची जागा घेऊ शकत नाहीत. लोक थोडे असले, त्यांचा धंदा आपल्या सिद्धांतात बसत नसला, ते आपल्या पक्षाला मते देत नसले, तरी आपल्या गावाचा कारभार कसा चालावा हे ठरवण्याचा त्यांचा हक्क कमी होत नाही. ब्रिटनने गव्हर्नरचे राखीव अधिकार कमी करून ते अँग्विलाच्या निवडलेल्या विधिमंडळाकडे द्यावेत, पुढे स्वतंत्र व्हायचे की संलग्न राहायचे हे तेथील लोकांनी आपल्या सवडीने ठरवावे, आणि वसाहतविषयक समितीतील भारताच्या प्रतिनिधींनी ही भूमिका स्पष्ट शब्दांत मांडावी, ही मागणी आपण केली पाहिजे. मागणारे थोडे आहेत म्हणून ती लहान ठरत नाही.