'एजंट क्षमस्व': गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला पुण्यात दलाली न देता खोली मिळणं अवघड का?

पुण्यात खोली भाड्याने देण्याच्या जाहिरातीखाली 'एजंट क्षमस्व' असं अजूनही वाचायला मिळतं. पण दारावरची पाटी वाचायला माणूस पेठेत हजर हवा. गडचिरोलीहून पुणे साधारण ९०० किलोमीटर. चार खोल्या बघायला दोनदा येणं परवडत नाही, ओळखीचं कुणी नसतं. मग पहिल्याच दिवशी एजंट गाठला जातो.

सरकारी मदत पुरते का?

वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारने २०१६ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणली. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले: भोजनाला ३२ हजार, निवासाला २० हजार, निर्वाहाला ८ हजार. निवासाचा महिन्याचा हिशेब होतो १,६६७ रुपये.

आता समजा, चौघांनी मिळून १२ हजारांची खोली घेतली. दोन महिन्यांचं डिपॉझिट, पहिलं भाडं आणि एक महिन्याची दलाली धरली तर आत पाऊल टाकतानाच ४८ हजार लागतात, म्हणजे प्रत्येकी १२ हजार. डिपॉझिट निदान परत मिळायची आशा असते. दलालीचे तीन हजार गेले ते गेलेच. योजनेच्या हिशेबात ती जवळपास दोन महिन्यांची राहण्याची सोय आहे. शिवाय योजनेचे पैसे प्रवेश आणि अर्ज मंजूर झाल्यावर येतात, घरमालकाला मात्र ते आधी हवे असतात. खरी अडचण इथे आहे: योजनेत राहण्याचा खर्च धरला आहे, खोली मिळवण्याचा नाही.

दलालीचा दर कोण ठरवतं?

रिवाज. रेरा कायद्यातली एजंटची नोंदणी घरविक्रीसाठी आहे, भाड्याच्या व्यवहारासाठी नाही. त्यामुळे 'एक महिन्याचं भाडं' हा काही नियम नव्हे, घासाघीस करता येते. करार करून देण्याचे वेगळे पैसे मागितले तर हेही माहीत असावं: १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ही नोंदणी ऑनलाइन होते.

मग पर्याय काय?

विनादलाल म्हणवणाऱ्या वेबसाइट्स आहेत, पण मालकाचे नंबर देण्यासाठी त्यांचेही पैशाचे प्लॅन असतात. लांबून शोधणाऱ्याला फसवणुकीचा धोका जास्त. 'मी लष्करात आहे, बदली झाली, आधी क्यूआर कोड स्कॅन करा' हा जुना डाव. खोली न बघता टोकन देऊ नये.

ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी १९५५ पासून काम करणाऱ्या विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्थांची वसतिगृहं आधी तपासावीत. पेठांमध्ये 'कॉट बेसिस'वर एकट्यापुरती जागा मिळते, तिथे अख्ख्या खोलीचं डिपॉझिट डोक्यावर येत नाही. आणि सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे आपल्याच तालुक्यातला सीनियर. परीक्षा संपवून तो खोली सोडतो तेव्हाच मालकाशी बोलून ती पुढच्याला मिळवून देता येते. त्यासाठी निकालाची वाट न पाहता एप्रिल-मेमध्येच फोन फिरवावे लागतात.