हॉटेल कुणाच्या दारात?



मोडनिंबसारख्या हमरस्त्यावरच्या गावात ‘हॉटेल’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक, एस.टी. स्टँडजवळचे चहा-भज्यांचे. दुसरा पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला रात्री दिवे लागले की कळतो. दुसऱ्या जातीचे हॉटेल वस्तीला लागून यायचे असते तेव्हाही पंचायतीपुढचा अर्ज पुष्कळदा पहिल्या जातीचाच असतो. आधी ‘हॉटेल व लॉजिंग’चे बांधकाम. इमारत उभी राहिली, कर्ज निघाले, की मग परमिट रूमसाठी ना-हरकत. तोवर मालक म्हणायला मोकळा, ‘आता एवढा खर्च झाल्यावर तुम्ही हरकत घेता?’ शेजारच्या घरातल्या बाईला कळते तेव्हा कागद कधीच पुढे गेलेला असतो.

दारूच्या परवान्यात अंतराला फार महत्त्व आहे. शाळेपासून किती, देवळापासून किती, हे टेप लावून मोजतात. राहत्या घराच्या उंबऱ्यापासून मात्र कुणी मोजत नाही. जिला रात्री अकराला त्याच बोळातून परत यायचे आहे, जिच्या मुलीची अभ्यासाची खिडकी त्या अंगणाकडे उघडते, ती कोणत्याच मोजणीत बसत नाही.

१५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा निकाल दिला. कारण होते अपघातांचे, बायकांचे नव्हे. तरी हमरस्त्यावरच्या गावांतल्या बायकांना त्याचा आधार वाटावा असाच तो निकाल होता. पण ३१ मार्च २०१७ ला २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटर झाले. जुलै २०१७ मध्ये नगरपालिकांच्या हद्दी त्यातून सुटल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंचायतींचाही प्रश्न आला. कोणते गाव शहरासारखे वाढले आहे आणि कुठे ही सूट द्यायची, ते राज्य सरकारांनी ठरवावे, असे न्यायालयाने सांगितले. नळाला रोज पाणी, रात्री उघडा असणारा दवाखाना, यांसाठी आपले गाव खेडेच राहते. बाटलीसाठी मात्र त्याला शहर होता येते!

खऱ्या शहरांत काय चालले आहे तेही पाहा. सोसायटीच्या आवारात नवे बिअर शॉप किंवा दारूचे दुकान काढायचे तर सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल, असे राज्य सरकारने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत सांगितले. चांगले केले. पण पत्र्याच्या घरांच्या वस्तीला सोसायटी नसते, चेअरमन नसतो, लेटरहेड नसते. तिची ‘हरकत’ कुणाच्या सहीने जायची?

आपल्याकडे एकदा सुरू झालेले दुकान बंद करण्याचा कायदेशीर मार्ग आहे, तो म्हणजे आडव्या बाटलीचे मतदान. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की पडताळणी होऊन गुप्त मतदान घेता येते. मात्र दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावे लागते. मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या! म्हणजे जी ऊसतोडीला गेली, जी बाळंतपणाला माहेरी गेली, जिला नवऱ्याने घराबाहेर पडू दिले नाही, तिचे न पडलेले मत उभ्या बाटलीच्या बाजूने मोजले जाते. आमदार व्हायला अशी अट नाही. ही अट बदलावी, झालेल्या मतदानातले बहुमत पुरेसे धरावे, अशी मागणी आपण लावून धरली पाहिजे. पण त्याहून सोपे आहे ते परवानगी मिळण्याआधी विचारणे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मोडनिंब संगीत बाऱ्यांचे, कला केंद्रांचे गाव आहे. तिथे नाचणाऱ्या बायकांचीही इथे घरे आहेत, लेकरे आहेत. हॉटेलविरोधी निवेदनात ‘नाचणाऱ्या बायकांमुळे वातावरण बिघडते’ असे वाक्य सहज घुसते, आणि सही करणाऱ्या आपल्यातल्याच असतात. ते वाक्य खोडा. २००५ मध्ये राज्याने डान्स बारवर बंदी घातली तेव्हा तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना त्यातून वगळले होते. श्रीमंतांपुढचा नाच चालेल, साध्या बारमधला नको, असा तो न्याय! मुंबईचा ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’ तेव्हा बारमध्ये नाचणाऱ्या बायकांच्या बाजूने उभा राहिला. आपल्या चळवळीतल्या अनेकींना ते पटले नव्हते, वादही झाले. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती बंदी रद्द ठरवली. बंदीच्या काळात ज्यांची रोजीरोटी गेली त्यांना त्याचे काय? आपली हरकत परवान्याच्या लपवाछपवीला आहे, दारूला आहे, रात्रीच्या धोक्याला आहे. थिएटरातली बाईसुद्धा त्याच बोळातून घरी जाते. तिलाही निवेदनावर सही करायला बोलवा.

आता करायचे काय? ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे २००३ पासून बंधनकारक आहे. पुष्कळ गावांत ती रजिस्टरातच भरते. सह्या घरोघर जाऊन घेतल्या जातात. कोऱ्या कागदावर सही करू नका. सभेत हॉटेलचा अर्ज मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. त्यात परमिट रूम आहे का, नसल्यास पुढे मागणार नाही असे लेखी देतो का, सांडपाणी कुठे सोडणार, बोअर किती खोल घेणार, दार कोणत्या बाजूला, हे विचारा. प्रश्न आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. ग्रामसेवक अर्जाची प्रत देत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाहीत, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. अर्ज दोघी-तिघींनी वेगवेगळा करा, म्हणजे दडपण एकीवर येणार नाही.