वाढत्या अंगाचे स्केट्स

आज एका घरगुती सवयीवर लिहायचंय, आणि जरा चिडूनच लिहायचंय. ती सवय म्हणजे मुलांना सगळं 'वाढत्या अंगाचं' घेणं. शाळेचा शर्ट वाढत्या अंगाचा, पँटला खाली चार बोटं दुमड, रेनकोट असा की त्यात दप्तरासकट धाकटा भाऊही मावावा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आपण सगळे त्याच शर्टांमध्ये वाढलो, आणि शर्ट ढगळ होता म्हणून कुणी तोंडावर आपटलं नाही. पण तीच अक्कल स्केट्सना लावली की पोरगं आपटतं, आणि वर आपणच निकाल देतो, "याच्याच्यानं काही होत नाही, काढून टाका क्लासातून."

यवतमाळात बसून ही बाई स्केट्सवर काय सांगणार, असं काहींना वाटेल. रास्त आहे. बर्फाशी आमचा संबंध गोळा आणि रसवंती इथपर्यंतच. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की तोही बर्फ हातात येईतो अर्धा झालेला असतो. पण चाकांचे स्केट्स आमच्याकडे आहेत. उन्हाळी शिबिरात ऊन चढायच्या आत, सकाळी सहाला, पोट्टे-पोट्टी मैदानावर येतात आणि अशा एका वर्गात मी काही वर्षांपासून लेस बांधून द्यायचं काम करते. शिकवत नाही, फक्त लेस बांधते. त्यामुळे मुलांच्या चेहऱ्यांपेक्षा त्यांचे पाय मला जास्त ओळखीचे झालेत. शिवाय आमच्या नात्यातली दोन घरं कॅनडात आहेत, तिथली मुलं आइस हॉकी खेळायला लागलीत. म्हणजे खरेदीचा प्रश्न तिथेही तोच, फक्त पैसे डॉलरमध्ये जातात.

तर झालं असं, की गेल्या महिन्यात आत्तेभावाने घरच्या ग्रुपवर विचारलं, लेकाला हॉकीचे स्केट्स घ्यायचेत, किती नंबरचे घेऊ? उत्तरांचा पाऊस पडला. "दोन नंबर मोठे घे, दोन हिवाळे निघतील." "जाड मोजे घाल, दोन-दोन." "पोट्टं झपाझपा वाढून राह्यलं, आताच्या मापाचे काहून घेतं?" एका मावशींनी तर पुढे कापूस कोंबायला सांगितलं. कापसाचा जिल्हा ना आमचा, सगळ्या दुखण्यांवर इलाज कापूस! या प्रेमळ मंडळींना एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच एकदाचं सांगून टाकते.

आधी हिशेब करू, कारण आपल्याकडे सगळं हिशेबावरच चालतं. बुटाचा एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर. दोन नंबर म्हणजे १७ मिलिमीटर. आता गंमत अशी, की आइस हॉकीचा स्केट मुळातच रोजच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान घ्यावा लागतो. ज्याचा बूट तीन नंबरचा, त्याला स्केट दीड-दोन नंबरचा बसतो. अशा मुलाला तुम्ही बुटाहून दोन नंबर मोठा स्केट दिलात, तर फरक पडला किमान तीन नंबरांचा. म्हणजे अख्खा एक इंच! आमची शकुंतला अडीच फुटी रुळांवरून धावायची. त्या रुळांवर ब्रॉडगेजचा डबा ठेवून "राहू द्या, रूळ वाढतील हळूहळू" असं कुणी म्हटल्याचं ऐकलं नाही.

इंचभराने एवढं काय बिघडतं? बर्फावरच्या हॉकीच्या स्केटचं पातं जेमतेम तीन मिलिमीटर जाड असतं. त्यावर उभं राहणं, वळणं, थांबणं, हे सगळं पातं किंचित डावी-उजवीकडे कलतं करूनच होतं. टाच बुटात पक्की बसलेली असेल तर पाय कलला की पातं कलतं. टाच आत खेळत असेल तर पाय आधी बुटातल्या बुटात कलतो, मग बूट कलंडतो, आणि तोवर पोरगं खाली आलेलं असतं. चाकांचंही तेच. मुलाचे घोटे आतल्या बाजूला पडलेले दिसतात आणि आई-बाप म्हणतात, याच्या पायातच दम नाही. मी लेस पूर्ण सोडून, टाच मागे ठोकून, खालपासून ओढून पुन्हा बांधली की तेच घोटे कितीदा तरी सरळ झालेले पाहिलेत. पण बूटच मोठा असला तर काय करणार? लेस ओढून ओढून दोन्ही कडा एकमेकींना भिडतात, तरी आत पाय मोकळाच.

मग माप घ्यायचं कसं? संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. भिंतीला टाच लावून मुलाला कागदावर उभं करायचं, सगळ्यात लांब बोटापुढे रेघ मारायची आणि सेंटिमीटरमध्ये मोजायचं. दोन्ही पाय मोजायचे, मोठा निघेल तो खरा. मोजा पातळ आणि एकच. स्केट घालून लेस बांधल्यावर सरळ उभं राहिलं की बोटं पुढच्या टोपीला हलकेच टेकावीत, आणि गुडघे वाकवले की किंचित सुटावीत. बोटं आत मुडपली तर स्केट लहान. उभं राहूनही टेकली नाहीत तर मोठा. वाढीची सूट हवीच असेल तर लेस सोडून पाय पुढे सरकवावा आणि टाचेमागे आपली करंगळी जाते का ते बघावं. तेवढी सूट पुरे. ती साधारण अर्ध्या नंबराची होते. अजून एक सोपी परीक्षा आहे. लेस न बांधता वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवायची. ती दोन्ही कडांवर नीट टेकली तर बूट पुरेसा खोल आहे, मध्येच पायावर अडली तर उथळ आहे. तिकडे दुकानात बूट गरम करून पायाच्या आकाराला बसवून देतात हे खरं, पण त्याने घोट्याजवळची घडी बसते, इंचभर लांबी आटत नाही.

आमच्याकडे चाकांच्या स्केट्समध्ये 'ॲडजस्टेबल' हा मोठा मोहाचा शब्द आहे. बटण दाबलं की पुढचा भाग सरकतो. लांबी वाढते, घोट्याची पकड मात्र होती तेवढीच राहते. दोन-तीन नंबरांच्या टप्प्यात ते ठीक आहे, मीही तेच सुचवते. पण एका दुकानदाराने मला छातीठोकपणे सांगितलं होतं, की एकच जोड पाचव्या वर्षापासून दहाव्यापर्यंत चालतो. चालतो ना. जोड चालतो, मूल चालत नाही.

आता आक्षेप. आमचे एक मामा म्हणाले, लडाखच्या पोरांनी लष्कराच्या बुटांना पाती ठोकून हॉकी खेळली, तिथे कोण पेन्सिल लावत बसलं होतं? मामा, तुमचा मान राखून सांगते. त्यांना दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून त्यांनी तसं केलं. आपल्या महिलांचा आइस हॉकी संघ २०१६ मध्ये पहिल्यांदा आशियाई चॅलेंज चषकासाठी तैपेईला गेला तो लोकवर्गणीच्या जोरावर. २०१७ मध्ये त्यांनी फिलिपीन्सला ४-३ असं हरवून पहिला विजय मिळवला आणि २०२५ मध्ये अल ऐनला आशिया चषकात कांस्यपदक घेतलं. या मुलींनी कधी म्हटलं नाही की आम्हाला वाईटच सामान द्या, त्याने जिद्द वाढते. २०१८ मध्ये कॅनडाची हेली विकेनहायझर लडाखला आली ती खेळाचं सामान घेऊन आली, उपदेश घेऊन नाही. त्यांनी हाल सोसले याचं कौतुक करावं. ते हाल आपण दुकानातून पैसे मोजून आणायची काय गरज?

दुसरा आक्षेप, "टाइमपासच तर आहे, एवढं काय मनावर घेते?" २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलांनी आणि मुलींनी चाकांच्या स्केटिंगमध्ये रिलेची दोन कांस्यपदकं मिळवली. २०२५ मध्ये आनंदकुमार वेलकुमार १००० मीटरमध्ये चक्क जगज्जेता झाला. या वेगाच्या शर्यतींचे बूट पायाला कातडीसारखे चिकटून बसतात. आणि समजा टाइमपासच आहे, तरी टाइमपासात मुलाने रडावं असं कुठे लिहिलंय?

याच्या उलट एक रोग आहे, तोही सांगते, नाहीतर मी दुकानदारांची वकील ठरेन. तो म्हणजे सगळ्यात महागडं घेणं. बॉअर १९२७ पासून स्केट्स बनवतात, सीसीएम तर १८९९ मध्ये सायकलींसाठी निघालेली कंपनी. नावं दोन्ही मोठी आहेत. पण त्यांचे सगळ्यात वरचे बूट कडक असतात, ते वजनदार आणि जोरात खेळणाऱ्यांसाठी. पंचवीस किलोच्या मुलाला ते घोट्यात वाकतच नाहीत, मग गुडघा वाकत नाही, मग तोल जात राहतो. त्यापेक्षा मधला बूट घ्यावा आणि उरलेले पैसे धार लावण्यावर घालावेत. नव्या स्केटलाही खेळण्याआधी धार लावून घ्यावी लागते. ती सुरीसारखी एक धार नसते बरं का. पात्याच्या तळाला लांब पन्हळ कोरतात, म्हणजे दोन्ही कडांना धार येते.

स्टिकची कथा वेगळी नाही. बाबांची जुनी स्टिक कापून लेकाला द्यायची, हा काटकसरीचा कळस समजला जातो. आइस हॉकीच्या स्टिकवर एक आकडा असतो, ती एक इंच वाकवायला किती पौंड जोर लागतो त्याचा. ढोबळ नियम असा, की आकडा मुलाच्या पौंडातल्या वजनाच्या निम्मा असावा. तीस किलोचं मूल म्हणजे ६६ पौंड, म्हणजे त्याला ३०-३५ची स्टिक हवी. मोठ्यांची ८५ची असते, आणि कापली की आणखी कडक होते. तुम्ही पोराच्या हातात सब्बल देता आणि विचारता, शॉट का बसत नाही? लांबी बघायची तर अनवाणी उभं असताना नाकापर्यंत, स्केट्स घातल्यावर हनुवटीपर्यंत. डावी घ्यायची की उजवी, हे लिहायच्या हातावरून ठरवू नका. पोराच्या हातात झाडू द्या आणि तो कोणता हात वर धरतो ते बघा. उजव्या हाताने लिहिणारी बरीच मुलं उजवा हात वर धरतात, आणि त्यांना डावी स्टिक लागते. आपल्या मैदानी हॉकीत मात्र ही सोय नाही, तिथे डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक चालतच नाही. तिथली लांबी कमरेच्या हाडापर्यंत बघतात. मोठ्यांची साधारण साडेछत्तीस इंच असते, पण मुलांसाठी २८ इंचांपासून मिळतात. तरी एका शाळेत मी सहावीच्या मुलींच्या हातात सगळ्या मोठ्यांच्याच स्टिक्स पाहिल्यात. बिचाऱ्या दांडा अर्ध्यात धरून खेळत होत्या.

मुलींवरून आता मूळ दुखण्यावर येते. मोठे घेतलेले स्केट्स दादाला नीट बसायला लागेपर्यंत दादाची हौस फिटलेली असते. मग ते जातात धाकट्या बहिणीकडे. दादाला नवे आणि मोठे, तिला जुने आणि त्याहून मोठे. आमच्या वर्गात अशी एक नऊ वर्षांची मुलगी होती. दर फेरीला पडायची, आणि घरच्यांनी तिचं नाव 'भित्री' ठेवलं होतं. एका सकाळी तिने मैत्रिणीचे, तिच्या मापाचे स्केट्स घातले आणि न पडता सात फेऱ्या मारल्या. मी घरच्यांना सांगितलं. ते हसले, म्हणाले, वाढेल की ती त्यात. पुढच्या उन्हाळ्यात यादीत तिचं नाव नव्हतं. दादाचे स्केट्स अजून माळ्यावर असतील, नव्यासारखे.

काटकसरीला माझा विरोध नाही, हे पुन्हा सांगते. पण जो जोड मुलाला खेळातून घालवतो तो स्वस्त कसा? वापरलेले घ्या, मागून घ्या, बदलून घ्या, फक्त आजच्या पायाचे घ्या. कॅनडात जुन्या सामानाच्या दुकानांतून निम्मा संसार चालतो, आत्तेभावालाही मी तेच सुचवलंय. आणि इथे आम्ही येत्या एप्रिलमध्ये शिबिराआधी एक रविवार ठरवतोय. ज्यांना जे लहान झालं ते त्यांनी आणायचं, तळाला खडूने सेंटिमीटर लिहायचे, आणि ज्याला जे बसेल ते त्याने न्यायचं. पैसे नाहीत, चिठ्ठ्या नाहीत. पुसद-वणी-दारव्ह्याच्या मंडळींनी आपापल्या गावी करायला हरकत नाही, त्याला फक्त एक सतरंजी आणि मोजपट्टी लागते.

तेव्हा नातेवाईक मंडळी, माळ्यावरचे जोड खाली काढा आणि पाठवून द्या. कापूस मात्र गादीतच राहू द्या.