विश्रांतीचा जुलूम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पुष्कळ लोकांना एक छंद आहे. त्याचे नाव ऐकताच आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थाच्या कपाळास आठी पडते. बंदुकीतून उडवून झालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या जपून ठेवावयाच्या, घरी मेजाशी बसून त्यांत नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी भरावयाची आणि ती काडतुसे पुन्हा नेमबाजीच्या मैदानावर किंवा शिकारीत वापरावयाची, असा हा छंद. पाय मोडून किंवा गुडघ्यावर शस्त्रक्रिया होऊन घरी पडलेला तिकडचा मनुष्य महिना-दोन महिन्यांचा काळ या कामात घालवितो, ही गोष्ट मी नुकतीच चार स्नेह्यांच्या बैठकीत सांगितली. तेव्हा दोन उद्गार निघाले. एक गृहस्थ म्हणाले, "दुखणाइताने असली दगदग करावी कशाला? स्वस्थ पडावे." दुसरे म्हणाले, "बरे होता होता गोळ्या भरतो! काय ही संस्कृती!" या दोन्ही उद्गारांस उत्तर देणे मला अगत्याचे वाटते. त्यांतही पहिल्यास अधिक, कारण त्या मतापायी आपल्या घरोघरी माणसांचे नुकसान होत आहे आणि ते प्रेमाच्या नावाखाली होत असल्यामुळे कोणी त्यास नुकसान म्हणत नाही.

प्रथम हे काम काय आहे ते पाहू. काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली टोपी, आतील दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. बार उडाला की टोपी निकामी होते, दारू जळते, गोळी निघून जाते. उरते ती पुंगळी, आणि चौघांत बहुधा तीच महाग. म्हणून काटकसरी मनुष्य ती टाकीत नाही. दुसऱ्या महायुद्धात काडतुसांची टंचाई पडली तेव्हा कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावच्या फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ साली लहान बोराच्या रिकाम्या पुंगळ्यांपासून गोळ्या घडविण्याचा साचा तयार केला. या छंदाची साधने विकणारी आरसीबीएस ही प्रसिद्ध कंपनी त्यातूनच निघाली. टाकाऊ वस्तू पुन्हा उपयोगी आणणे हे या छंदाचे मूळ होय.

बार उडाल्यावर पुंगळी किंचित फुगते व लांबते. तिला साच्यात दाबून मूळ आकारावर आणावे लागते, वाढलेली लांबी कापावी लागते, कापलेली कड घासून साफ करावी लागते. मग नवी टोपी बसवावयाची, दारू तोलून घालावयाची आणि गोळी ठराविक खोलीपर्यंत दाबावयाची. दारूचे माप ग्रेनचे. एका पौंडाचे ग्रेन होतात ७,०००. म्हणजे एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या अर्ध्या गुंजेहून किंचित अधिक. या कामाचा तराजू त्या ग्रेनचाही दहावा भाग दाखवितो. चुकीला येथे क्षमा नाही. एका पुंगळीत दारू दोनदा पडली तर बंदूक हातात फुटेल. दारू मुळीच पडली नाही तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीतच अडकून बसेल आणि ते ध्यानात न येता मागून दुसरा बार काढला तर नळी फाटेल. म्हणून जाणता मनुष्य पन्नास पुंगळ्या ओळीने मांडून, गोळ्या बसविण्यापूर्वी, दिवा धरून प्रत्येकीत डोकावून पाहतो. काम करताना गप्पा नाहीत, करमणुकीचे यंत्र चालू नाही, विस्तव जवळ नाही. काम आटोपताच शिशाचा अंश राहू नये म्हणून हात स्वच्छ धुवावयाचे. थकवा वाटला तर उठून जावयाचे, हा तर पहिला नियम.

आता दुखणाईत मनुष्य या मेजाशी का रमतो ते सांगावयास नको. बसून करण्याचे हे काम आहे. पाय स्टुलावर ठेवूनही ते होते. त्याच्या पायऱ्या आहेत, आणि प्रकृती सुधारण्याच्याही पायऱ्या असतात. पहिल्या दिवसांत वेदनाशामक गोळ्यांनी डोके जड असते. तेव्हा शहाणा मनुष्य दारूच्या डब्यास हात लावीत नाही. तो पुंगळ्या निवडतो, पुसतो, एखादीस बारीक चीर गेली आहे काय ते बोटाने चाचपतो. हातात बळ येऊ लागले की यंत्राचा दांडा ओढतो. चित्त निवळले, औषधे सुटली, की मग तराजू काढतो. संध्याकाळी त्याच्यापुढे काही तरी मोजण्याजोगे असते. कालपर्यंत तो अंथरुणाला खिळलेला व दुसऱ्यांच्या आधाराने उठणारा होता. आज त्याच्या अचूकपणावर काही तरी अवलंबून आहे. आजाराने माणसाची शक्ती जाते ती परत येते. पण आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही ही जाणीव एकदा मनात घर करून बसली की ती सहसा निघत नाही.

यावर आमचे पहिले स्नेही म्हणतील की विश्रांती हेच औषध, हे वैद्यकशास्त्रच सांगते. एके काळी ते तसे सांगत होते, हे खरे. फिलाडेल्फियाचे सायलस वेअर मिचेल या नामांकित डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विश्रांतीचा उपचार प्रचारात आणला. रोग्यास कित्येक आठवडे खाटेवर निजवावयाचे, दूध-तूप भरपूर चारावयाचे, अंग रगडून द्यावयाचे, आणि वाचन, लेखन, हातकाम सर्व वर्ज्य करावयाचे! शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेने १८८७ साली हा उपचार घेतला. त्या विश्रांतीने आपण वेडाच्या उंबरठ्याशी पोहोचलो, असे तिने पुढे लिहून ठेवले आणि १८९२ मध्ये त्यावर एक कथाही प्रसिद्ध केली, ती आजही वाचली जाते.

शास्त्र तेथेच थांबले नाही. जॉर्ज बार्टन नावाचे एक वास्तुशिल्पी क्षयाने व पुढे डाव्या अंगास आलेल्या लुळेपणाने खचले होते. त्यांनी सुतारकाम व बागकाम करून स्वतःस सावरले, १९१४ मध्ये न्यूयॉर्क संस्थानातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावी त्याच कामासाठी एक घर उघडले, आणि १९१७ च्या मार्चमध्ये त्याच घरात व्यवसायोपचाराची अमेरिकन संस्था स्थापन झाली. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांस टोपल्या विणण्याचे, लाकूड कोरण्याचे काम दिले गेले ते याच विचाराने. विश्रांती शरीराचे काय करते हे पाहावयाचे असेल तर १९६६ साली टेक्सास संस्थानातील डॅलस येथे झालेला प्रयोग पाहावा. वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांस तीन आठवडे खाटेवर निजवून ठेवले. त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती पाव हिश्शाहूनही अधिक घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पन्नाशीला आले असता पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वयोमानाने झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी भरली! आता खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धासही शस्त्रक्रियेनंतर होईल तितक्या लवकर, बहुधा दुसऱ्याच दिवशी, उभे करण्याचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो तो काही निर्दयपणामुळे नव्हे.

मोडलेले हाड सांधण्यास स्थिरता लागते, याविषयी वाद नाही. डॉक्टर सांगेल तितके दिवस तो अवयव हलवू नये. पण पाय प्लास्टरात आहे म्हणून हात, डोळे व बुद्धी यांसही प्लास्टर घालण्याचा अधिकार घरच्यांस कोणी दिला?

हा अधिकार आम्हीही एकदा गाजविला आहे, म्हणूनच लिहितो. माझ्या वडिलांना पुस्तकबांधणीचा नाद होता. खळ, दाभण, मेणदोरा, पुठ्ठे आणि एक जुना लाकडी चाप, एवढा त्यांचा संसार एका पेटीत होता. आळीतल्या कितीतरी फाटक्या पुस्तकांना त्यांनी नवे अंग दिले. जिन्यावरून पडून त्यांचा पाय मोडला. हात दोन्ही धड होते. त्यांनी चार दिवसांनी पेटी मागितली. "अप्पा, आता काही नको, पडून राहा," असे आम्ही सर्वांनी एकमुखाने सांगितले. अंथरुणावर खळ सांडेल, दाभण टोचेल, लोक काय म्हणतील, अशी आमची कारणे. त्यांच्या उशाशी आम्ही मोबाइल ठेवला. अकरा आठवड्यांनी ते काठी घेऊन चालू लागले, तेव्हा मी मोठ्या कौतुकाने पेटी पुढे नेऊन ठेवली. त्यांनी झाकण उघडून पाहिले, पुन्हा लावले व म्हणाले, "आता कशाला?" पाय बरा झाला होता.

आता दुसऱ्या स्नेह्यांचा आक्षेप. गोळी ही शेवटी गोळी आहे आणि ती कोणास लागेल याचा नेम नाही, हे मी नाकारीत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्येचे असतात. वेदनेने व एकांताने गांजलेल्या माणसाच्या घरात शस्त्र असावे काय, हा प्रश्न तेथील समाजाने स्वतःस अवश्य विचारावा. ज्याचे मन खचले आहे त्याच्यापासून बंदूक दूर ठेवावी, हे तर मी निःसंदेह म्हणेन. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्रविषयक कायद्यान्वये परवान्यावाचून काडतुसे तयार करणे गुन्हा आहे आणि तो कायदा सैल व्हावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. पण वस्तू नावडती आहे म्हणून ती करणाऱ्याच्या अंगचे गुण डोळ्यांआड करणे हा न्याय नव्हे. एक दशांश ग्रेनसाठी तराजू पुन्हा तपासणारा, औषधाच्या गुंगीत आहे म्हणून दारूचा डबा न उघडणारा, पन्नास पुंगळ्यांत दिवा धरून पाहणारा तो दुखणाईत आणि उशीला टेकून दिवसभर अंगठ्याने चित्रे सरकविणारा आपला दुखणाईत, यांपैकी अधिक सुसंस्कृत रीतीने कोण बरा होत आहे, याचा विचार आमच्या स्नेह्यांनी शांतपणे करावा. पहिल्याच्या हातचे काम बदलता येईल. दुसऱ्याच्या हाती कामच नाही.

मला शंका येते की या आक्षेपाच्या मुळाशी अहिंसेपेक्षा हातकामाविषयीची आपली जुनी तुच्छता अधिक असावी. सुतार, लोहार, शिंपी, जिनगर यांची कामे त्यांनी करावी, आपण पैसे द्यावे, ही आपल्या सुशिक्षित वर्गाची वृत्ती. निरोगीपणी ज्याने हातोडी धरली नाही तो आजारीपणी काय धरणार? आणि त्याच घरातील बाईचा मनगटाचा सांधा निखळला तर? तिला मात्र विश्रांतीचा उपदेश कोणी करीत नाही. डाव्या हाताने ती फोडणी घालते आणि आपण तिच्या सोशिकपणाची तारीफ करतो. पुरुषास सक्तीचा आराम आणि स्त्रीस सक्तीचे काम, या दोन्हींत दुखणाइताला स्वतःला काय हवे हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही.

आपल्या घरांना हे शहाणपण अगदीच अपरिचित होते असेही नाही. गुडघे धरलेली आजी ओसरीवर बसून वाती वळीत असे. कापूस पिंजून सारखा पेळू काढावा, राखेचे बोट लावून वात वळावी, मोजून जुडी बांधावी. लक्ष वातींचा संकल्प असला तर महिनेच्या महिने ते चाले. नातवंडे मोजणीला बसत. तिचे मन रमविण्याचे काम कोणी अंगावर घेतले नव्हते. तिच्या वातींवाचून देवापुढचा दिवा अडत होता. पुढे ज्या गोष्टीस अमेरिकेत शास्त्राचे रूप आले ती आपल्या ओसरीवर बिनबोभाट चालू होती. ते शास्त्रही आपल्याकडे येऊन फार वर्षे झाली. जन्माने अमेरिकन व विवाहाने महाराष्ट्राच्या झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. इतक्या वर्षांत ती दृष्टी रुग्णालयाच्या एका दालनातून आपल्या माजघरापर्यंत पोहोचू नये, याचा दोष डॉक्टरांच्या माथी मारता येणार नाही.

म्हणून वाचकांस एवढीच विनंती आहे. घरात कोणी हाड मोडून, शस्त्रक्रिया होऊन पडले तर फळे, औषधे व उशा यांची व्यवस्था अवश्य करावी. त्याबरोबरच डॉक्टरांस विचारावे की या माणसास कोणते काम करता येईल, आणि त्या माणसास विचारावे की त्यास कोणते काम आवडेल. घड्याळाचे असो, विणकामाचे असो, शेंगा सोलण्याचे असो. मात्र ते खरे असावे, चुकले तर कोणाचे तरी अडावे. मुलांच्या वह्या शिवून द्यावयास सांगून मागून त्या बाजारातून आणू नयेत. अंथरुणावर थोडी खळ सांडली तर चादर धुता येते.