समुद्राचे पाणी कोणाच्या नळाला?

समुद्राचे खारे पाणी गोडे करून मुंबईला रोज २० कोटी लिटर देण्याची योजना महापालिकेने मनोरीला आखली आहे. हजार लिटरमागे तीन-चार युनिट वीज खाणारे हे महाग पाणी कोणाच्या नळाला येणार, हा माझा प्रश्न आहे. चेन्नईत मिंजूर (२०१०) आणि नेम्मेली (२०१३) हे असे प्रकल्प झाले; तरीही २०१९च्या टंचाईत बायका घागरी घेऊन टँकरच्या रांगेत होत्याच. शहराला पाणी मिळणे वेगळे, घरात येणे वेगळे. अनधिकृत झोपडीलाही पाण्याचा हक्क आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली बजावले. म्हणून आधी वाटपाचा आराखडा मागूया, आणि तो वस्तीतल्या बायकांना विचारूनच व्हावा. जलवाहिनी संपते तिथून पुढे पाणी आपल्याच डोक्यावरून जाते.